या फाइलीतून त्या फाइलीत

लांपुलोच्या धक्क्यावर होड्या बांधणाऱ्या सुलेमान मिस्त्रींना मुलगा नव्हता. दोन मुलीच, त्यातली थोरली युस्निदार. फळीवर रेघ आखताना रंगात बुडवलेल्या सुताचं दुसरं टोक धरायला बापाला तीच लागायची. सूत ताणून सोडलं की लाकडावर सरळ रेघ उठायची, आणि ते बघायला तिला इतकं आवडायचं की कधी कधी बाप तिच्यासाठी उगाचच एखादी जास्तीची रेघ मारून द्यायचा. पुढे ती मेदान शहरात शिकली, कॉम्प्युटरची पदवी घेऊन बांदा आचेला परत आली आणि एका खाजगी संस्थेत जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवू लागली. त्या दिवसांत आचेच्या लोकांचं जावा बेटावरच्या सरकाराशी वाकडं होतं. धक्क्यावरच्या बायका तिला सोडायच्या नाहीत.

"अगं, साऱ्या जगात शिकवायला तुला जावाच सापडलं का?"

"आचे नावाची भाषा काढा, मग तीही शिकवीन," युस्निदार म्हणायची.

पुढे आईबाप वारले, धाकटी बहीण लग्न होऊन दूर गावी गेली. युस्निदारने लग्न वस्तीतल्याच जुल्फानशी केलं. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बोलायचा कमी, पण बोलला की समोरचा हसून बेजार व्हायचा. त्यांना एकच मुलगी, राउझा. आठ वर्षांची. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, उजव्या कोपरावर तव्याचा चटका बसल्याचा डाग, आणि ताटात आंबवलेल्या खोबऱ्याचं कालवण दिसलं की नाक मुरडून बसणारी.

दोन हजार चारच्या डिसेंबरात संस्थेने युस्निदारला चार दिवसांच्या शिबिराला मेदानला पाठवलं. राउझालाही मेदान बघायचं होतं. तिने आपली पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. पण शुक्रवारी सकाळी तिच्या अंगात कणकण होती.

"तापात बारा तासांचा प्रवास नाही करायचा," युस्निदार म्हणाली.

"उतरलाय, मा. हात लावून बघ ना."

"लावला. नाही उतरला. आणि तू आलीस की बाबा एकटे पडतील."

"पडू देत."

दारात चप्पल शोधत असलेला जुल्फान म्हणाला, "ऐकलंस? पडू देत म्हणतेय. पोरगी आपलीच आहे, शंकाच नको."

राउझा निरोप द्यायला बाहेर आली नाही. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. बस चुकेल म्हणून युस्निदार तिची समजूत काढायला थांबली नाही.

रविवारी सकाळी मेदानच्या वर्गात छताचे दिवे हलले. सगळे जिन्याने खाली धावले, थोड्या वेळाने हसत परत वर आले. दुपारपासून घरचा फोन लागेना. संध्याकाळी टीव्हीवर समुद्राच्या लाटेची चित्रं आली.

ती पाचव्या दिवशी मिळेल त्या ट्रकने गावात पोचली. लांपुलोत रस्ता कुठला आणि घर कुठलं हे सांगता येत नव्हतं. एका घराच्या डोक्यावर भलीमोठी मासेमारीची होडी चढून बसली होती. तिच्या घराच्या जागी फरशीचा तुकडा होता, तोही तिने रंगावरून ओळखला. दीर मरवान तिला मशिदीच्या अंगणात भेटला. जुल्फान सापडला होता. लुंगीच्या गाठीत इंजिनाची किल्ली होती, त्यावरून ओळख पटली. बाकीच्यांबरोबर त्याला सिरोनच्या माळावर पुरूनही झालं होतं.

"आणि राउझा?"

मरवानने मान खाली घातली. "वहिनी, त्याच्याजवळ कुणी नव्हतं."

तीन आठवडे ती फिरली. दवाखाने, मशिदी, शाळांच्या पडव्या, डोंगराकडच्या छावण्या. घराबरोबर सगळे फोटोही गेले होते. संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये राउझाचा एक जुना फोटो होता, तो तिने छापून घेतला आणि दाखवून दाखवून त्याच्या कडा मऊ पडल्या. अशीच फिरत ती एके दिवशी गुचू भागातल्या एका भाड्याच्या घरात शिरली. एका मदतसंस्थेने तिथे नावांचं केंद्र उघडलं होतं. खोल्यांच्या चारी भिंतींवर याद्या डकवलेल्या होत्या. सापडलेल्यांच्या, मेलेल्यांच्या, बेपत्ता असलेल्यांच्या. एकच बाई तीन ठिकाणी तीन स्पेलिंगांनी होती. एका यादीत जिवंत, दुसरीत मेलेली, तिसरीत बेपत्ता. लोक भिंतीवर बोट टेकवून वाचत होते, आणि टेबलाशी एक म्हातारा गृहस्थ लाल पेनाने नावं खोडत होता.

"हे असं कसं चालेल?" युस्निदार म्हणाली.

"नाही चालत," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर खोडतोय. तुला चांगलं येत असेल तर बस. खुर्ची मोकळी आहे."

ती बसली, आणि दीड वर्ष तिथेच राहिली.

म्हाताऱ्याचं नाव पाक इद्रुस. नोंदणी कार्यालयात चाळीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. पाण्यात त्यांचं फक्त घर गेलं होतं. बायको आणि तिन्ही मुलगे वाचले होते, आणि याची त्यांना इतकी लाज वाटायची की घरची चौकशी कुणी केली तर ते विषय बदलायचे.

चाळीसेक छावण्यांतून याद्या येत. प्रत्येक छावणीची रीत वेगळी. युस्निदारने सगळ्या याद्या आधी एका साच्यात आणल्या. शिबिरात शिकायला गेली होती ते एक्सएमएल, म्हणजे माहिती कंसांच्या साच्यात लिहायची रीत, तेच इथे कामाला आलं. एका माणसाची नोंद म्हणजे एक नोड. नाव, वय, गाव त्या नोडच्या अंगावर लिहिलेलं. आणि मुलांची नावं दिलेली असतील तर त्यांचे नोड आईच्या नोडच्या पोटात.

"म्हणजे कुटुंबपत्रकच की," पाक इद्रुस तिच्या खांद्यावरून बघत म्हणाले. "जन्मभर हेच तर लिहीत आलो. फक्त तुझ्याकडे कंसच फार."

छावणीच्या फाइलीत माणूस सापडला की त्याचा नोड 'सापडलेले' या मोठ्या फाइलीत न्यायचा, हे जावाच्या प्रोग्रामचं काम. पहिल्याच दिवशी प्रोग्रामने अंग टाकलं. पाक इद्रुसनी विचारलं, काय म्हणतंय?

"म्हणतंय, हा नोड दुसऱ्या दस्तऐवजाचा आहे, इथे जोडता येणार नाही."

"आणि का म्हणे?"

"प्रत्येक नोडला आपण कुठल्या फाइलीचे हे ठाऊक असतं. उचलून नुसता दुसरीकडे चिकटवला तर चालत नाही. एक तर नव्या फाइलीच्या नावाने त्याची नक्कल करून घ्यायची. किंवा जुनीतून सोडवून नवीच्या ताब्यात द्यायचा."

पाक इद्रुस खूश झाले. "अगदी आमचं खातं! दुसऱ्या तालुक्याचा माणूस आला की आम्हीही हेच म्हणायचो. तिकडचा दाखला आण, मग बोल."

तिने नक्कल करायचं ठरवलं. छावणीची मूळ यादी जशीच्या तशी राहावी, उद्या कुणी विचारलं तर दाखवता यावी. नक्कल करताना जावा आणखी एक गोष्ट विचारते, पोटातले नोडही घेऊ की नको? युस्निदारने थोडा विचार केला. आई सापडली म्हणून मुलं सापडली असं होत नाही. आईबरोबर चुकून बेपत्ता मुलंही जिवंतांत गेली तर कुणाच्या तरी काळजाला विनाकारण आशा लागेल. तिने लिहिलं, नको.

तेव्हा येणाऱ्या याद्यांत आईखाली बेपत्ता मुलांचीही नावं असायची, त्यांच्यापुरतं ते बरोबर होतं. पण पुढे सिग्लीकडच्या आणि त्यापलीकडच्या छावण्यांनी नीट कुटुंबवार याद्या पाठवायला सुरुवात केली. आई, आणि तिच्या पोटात तिच्याजवळ असलेली, श्वास घेणारी मुलं. प्रोग्राम तोच राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी एक माणूस केंद्रात आला. पायाला पट्टी, बरोबर बायको आणि दोन मुलं. तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"यादी कोण करतं इथे?"

"मी," युस्निदार म्हणाली.

"मी सुक्री. ल्होक्ङाचा. त्या दिवशी मी खोल समुद्रात होतो, म्हणून वाचलो. ही हामदियाह, माझी बायको. हिचं नाव तुमच्या भिंतीवर वाचलं मी. हामदियाह, एकोणतीस, सिग्लीची छावणी. खाली मुलांची नावं शोधली. नव्हती." त्याने मुलाला दंडाला धरून पुढे केलं. "हा इक्राम. ही पुत्रो. तुमच्या यादीत नव्हते म्हणजे गेले, असं धरलं मी. पाय बरा होईपर्यंत निघता येईना. तंबूतच दोघांच्या नावाने मयताची कंदुरी घातली. मौलवींनी दुवा मागितली. अकरा दिवस ही दोघं माझ्या लेखी मेलेली होती, बाई. अकरा दिवस!"

"अहो, जाऊ द्या आता," हामदियाह म्हणाली. "आहेत ना समोर."

"जाऊ कसं द्या? मी यांच्यासाठी रडून घेतलंय, ते कुठे परत करू?"

सहा वर्षांच्या इक्रामने बापाची लुंगी ओढली. "आबा, माझ्या कंदुरीत जेवायला काय होतं?"

"भात. आणि अंडी."

"मला नाही ठेवलं एकही?"

सुक्रीचा चेहरा वेडावाकडा झाला. तो हसतोय की रडतोय कळेना. तो तिथेच जमिनीवर बसला आणि मुलाला त्याने इतकं आवळलं की पोरगं "दुखतंय, दुखतंय" म्हणून ओरडायला लागलं. पाक इद्रुसनी पाण्याचा ग्लास आणला. युस्निदार उठून उभी होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "चूक माझी आहे, दादा. मशीनची नाही."

ते गेल्यावर तिने तो एक शब्द बदलला. 'नको'चं 'घे' केलं. कुटुंबवार याद्या पाठवणाऱ्या सगळ्या छावण्यांच्या फाइली पुन्हा चालवल्या. दोनशे शहाऐंशी मुलं वर आली. दोनशे शहाऐंशी मुलं जिवंत होती आणि महिनाभर तिच्या भिंतीवर नव्हती.

"बघ ना आधी," पाक इद्रुस हळूच म्हणाले. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

"आधी छापते," ती म्हणाली.

तिने यादी छापली, स्वतः भिंतीवर लावली. लोकांची झुंबड उडाली. मागून एका बाईची किंकाळी आली, ती आनंदाची होती. मग युस्निदार खुर्चीत येऊन बसली आणि तिने आपल्या मुलीचं नाव टाइप केलं.

एक नोंद निघाली. राउझा, वय सुमारे आठ, गाव माहीत नाही. बिरुएनजवळच्या छावणीत, असियाह नावाच्या लुपुंगच्या बाईच्या नोडच्या पोटात. शेरा होता, स्वतःची मुलगी नाही, वाटेत सापडली.

पाक इद्रुसनी ते दोनदा वाचलं. "मी येतो बरोबर," ते म्हणाले. "एकटीने जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गाडीत बसली. सारे नावाच्या घाटात गाडी थांबली तेव्हा पाक इद्रुसनी तळलेली रताळी घेतली. तिने एक तुकडा हातात घेतला आणि बिरुएन येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला. वाटेत ती अखंड बोलत होती. इतकं ती एरवी बोलायची नाही. राउझाला रताळी आवडतात. राउझाला गाडी लागते, परतताना पुढच्या सीटवर बसवायला हवं. तिला आल्या आल्या रागवायचं नाही, रुसली असेल तर रुसू द्यायचं. पाक इद्रुस प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत खिडकीबाहेर बघत राहिले.

छावणी शाळेच्या मैदानात होती. असियाह चाळिशीची, हाडकुळी. तंबूच्या तोंडाशी बसून भाजी निवडत होती. राउझा हे नाव ऐकताच तिचे हात थांबले.

"इथे कुणी राउझा नाही."

"यादीत आहे," युस्निदार म्हणाली. "तुमच्याच नावाखाली."

"यादीत काहीही असतं. सरकारी का तुम्ही?"

"मी आई आहे."

असियाहने मान वर केली. मग असियाहने आत बघून हाक मारली, "ये बाहेर, पोरी."

मुलगी बाहेर आली. उवांमुळे केस बारीक कापलेले. सात-आठ वर्षांची. पुढचे दात दोन्ही अख्खे. युस्निदारला दारातच कळलं होतं, तरी ती गुडघ्यांवर बसली, मुलीचा उजवा हात तिने हातात घेतला आणि कोपर उलटं करून बघितलं. मग डावाही बघितला. मुलगी शहाण्यासारखी उभी राहिली. तिला वाटलं डॉक्टर आहे.

"नाही," युस्निदार म्हणाली. "ही नाही."

पाक इद्रुस दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळाने असियाहने चहा केला. मुलगी खेळायला गेल्यावर ती आपणहून बोलली. "तिचं नाव राउझा नाही. काय आहे कुणास ठाऊक. ट्रकमध्ये माझ्या शेजारी टाकली होती, तेव्हापासून धड एक शब्द बोललेली नाही. राउझा माझी होती. सात वर्षांची. माझ्या हातातून गेली." ती आपल्या तळहाताकडे बघत होती. "या पोरीला हाक तरी काय मारायची? तोंडात तेच एक नाव होतं. मारली, तर हिने वळून बघितलं. मग तेच ठेवलं."

युस्निदारने पिशवीतून वही काढली.

"काय लिहितेस?" असियाहने विचारलं.

"नोंद दुरुस्त करावी लागेल. नाव माहीत नाही, असं. आणि एक फोटो घेते तिचा."

"कशाला?"

"तिला कुणी शोधत असेल. या नावाने शोधणार नाही. मी शोधत आले तशी दुसरीच कुणी चुकून येईल, आणि तिची माणसं येणारच नाहीत."

असियाह तिच्या पाया पडायलाच निघाली. "नको ग. कुणी नाहीये तिचं. असतं तर एव्हाना आलं असतं. राहू दे ना तसंच. एक नाव राहिलं चुकीचं तर तुझ्या कॉम्प्युटरचं काय बिघडतं?"

युस्निदारने पाक इद्रुसांकडे बघितलं. "माझ्याकडे बघू नकोस," ते म्हणाले. "मला विचारशील तर मी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही. पण आज विचारू नकोस."

तिने लिहिलं. नाव माहीत नाही, राउझा या हाकेला ओ देते. फोटो काढला. असियाह उठून उभी राहिली आणि सगळ्या छावणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुला तुझी मिळाली नाही ना, म्हणून माझी पण घेऊन चाललीस. जा. लिही. तुझी कधी मिळणार नाही, बघ!"

परतीच्या वाटेवर युस्निदारचे हात रिकामे होते. तो रताळ्याचा तुकडा कुठे पडला, तिलाही माहीत नाही.

सहा आठवड्यांनी चालांगकडचा एक म्हातारा केंद्रात आला. भिंतीवरच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, ही माझ्या लेकाची पोर. सफ्रीना. तिच्या घरातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि म्हाताऱ्याचंही कुणी उरलं नव्हतं. पाक इद्रुस स्वतः त्याला बिरुएनला घेऊन गेले. युस्निदार गेली नाही. परत आल्यावर पाक इद्रुस आपल्या खुर्चीत बसले, त्यांनी पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

"मुलगी आजोबाला बघून बोलली. 'नेक', म्हणजे आजोबा, म्हणाली. पहिल्यांदा मोठ्याने बोलली म्हणे."

"आणि असियाह?"

"तिने तिचे कपडे घडी करून पिशवीत भरले. मला बसा म्हणाली नाही."

युस्निदारने तिला एक पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. आपण बरोबर केलं की नाही, हे तिने पुढे बऱ्याच लोकांना विचारलं. मरवानला, मौलवींना, एकदा तर बसमधल्या अनोळखी बाईला. सगळे म्हणाले, बरोबर केलंस. तिला ते कधी पटलं नाही, आणि उलट काही करता आलं असतं असंही वाटलं नाही.

दीड वर्ष होत आलं तसं याद्यांत नवं काही येईनासं झालं. मग वरून पत्र आलं. बेपत्ता असलेल्या सर्वांची नोंद मयतांच्या फाइलीत करावी आणि केंद्र बंद करावं. लोकांनाच ते हवं होतं. दाखला नसला की विधवेला दुसरं लग्न करता येत नव्हतं, जमिनीवर नाव चढत नव्हतं, अनाथ मुलाला शाळेत अनाथ म्हणून घेत नव्हते.

या वेळी नक्कल करून चालणार नव्हतं. एकच माणूस बेपत्ताही आणि मयतही राहिला असता. जुन्या फाइलीतून नोड सोडवून नव्या फाइलीच्या ताब्यात द्यायचा होता. जावाच्या नव्या आवृत्तीत तशी सोय आली होती. युस्निदारने प्रोग्राम लिहायला घेतला, आणि पाक इद्रुसनी विचारलं तेव्हा समजावून सांगितलं, की यादीच्या शेवटाकडून सुरुवात करावी लागते. पुढून काढत गेलं तर मागची नावं सरकतात आणि एकाआड एक सुटून जातं.

"सुटू नये कुणी," पाक इद्रुस म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "पोरी, तुझं ते एक मी करतो हवं तर. कुठलं बटण, तेवढं सांग."

"नको. मी करीन. शेवटी करीन."

त्याच आठवड्यात, दुपारच्या नमाजानंतर, दारात असियाह उभी राहिली. अंगावर धुतलेले कपडे, डोक्यावरून ओढणी. युस्निदार उठली. पाक इद्रुसनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसायला नाही आले," असियाह म्हणाली आणि बसली. "केंद्र बंद होतंय म्हणे."

"शनिवारी."

"माझ्या राउझाची नोंद कुठेच नाही. गावप्रमुख म्हणाले, यादीत नाव नाही तर दाखला नाही. मी कधी लिहायलाच सांगितलं नाही. ती दुसरी होती ना त्या नावाने." ती थांबली. "बेपत्ता म्हणून लिहून घे. मग काय करायचं ते करा."

"थेट मयतांतच लिहावं लागेल आता," युस्निदार हळूच म्हणाली.

"मग तसं लिही."

युस्निदारने नवा नोड उघडला. नाव. वडलांचं नाव. गाव लुपुंग. वय सात.

"सात आणि चार महिने," असियाह म्हणाली.

"महिन्यांना जागा नाही."

"मग शेऱ्यात लिही."

तिने शेऱ्यात लिहिलं. अंगावरच्या खुणा विचारल्या. असियाहने डोळे मिटून सांगितल्या, सावकाश, एक एक. मानेवर तीळ. डाव्या पायाचं शेवटचं बोट शेजारच्यावर चढलेलं. हसताना तोंडावर हात धरायची, हे खुणेत येतं का? येतं, युस्निदार म्हणाली, आणि तेही लिहिलं.

मग तिने प्रोग्राम सुरू केला. एक नाव वगळून बाकी सगळी नावं शेवटाकडून पुढे येत, बेपत्तांच्या फाइलीतून निघून मयतांच्या फाइलीत गेली. फार वेळ लागला नाही. वेळ लागायला हवा होता, असं पाक इद्रुस पुढे कितीदा तरी म्हणाले. बेपत्तांच्या फाइलीत आता एकच नोड होता.

असियाहला वाचता येत होतं. तिने पडद्यावरचं नाव वाचलं, गाव वाचलं, वय वाचलं.

"तुझी?"

"हो."

"माझ्या तोंडून त्या दिवशी जे गेलं," असियाह म्हणाली, "ते माझ्या तोंडाला लागलंय. जात नाही."

"तुमच्यामुळे नाही काही. ती त्याआधीच गेली होती." हे वाक्य युस्निदारने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. पाक इद्रुस खिडकीशी जाऊन उभे राहिले. असियाहने आपली खुर्ची जवळ ओढली.

युस्निदारने ती ओळ हाताने लिहिली आणि चालवली. मग दोन्ही फाइली उघडून बघितल्या. बेपत्तांची फाइल मोकळी होती, नुसतं वरचं नाव आणि खाली काही नाही. मयतांच्या फाइलीत असियाहच्या राउझानंतर इतर हजारो नावं होती आणि अगदी शेवटी तिची राउझा होती. तिने जतन केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि टेबलावर डोकं टेकलं. ती रडली, तेव्हा त्या खोलीत दीड वर्ष तिच्याबरोबर बसलेल्या पाक इद्रुसांनी तिला पहिल्यांदा रडताना ऐकलं.

असियाहची शेवटची गाडी साडेपाचला होती. तिला सोडायला युस्निदार स्टँडपर्यंत गेली. दोघींनी पत्ता घेतला-दिला नाही.

पुढच्या जुम्म्याला मरवानच्या अंगणात राउझाची कंदुरी झाली. देह समोर नसताना करायचा गायबाना नमाज झाला. आंबवलेल्या खोबऱ्याचं कालवण करू नका, असं युस्निदारने जावेला बजावून सांगितलं होतं. तरी कुणीतरी शेजारून आणलंच, आणि लोकांनी आवडीने खाल्लं.

केंद्र बंद झाल्यावर ती संस्थेत परत शिकवायला लागली. पाक इद्रुस त्यानंतर चार वर्षांनी झोपेतच गेले. लांपुलोला तिने घर बांधलं नाही. ती मरवानकडेच मागच्या खोलीत राहते. वर्षातून एकदा, त्या तारखेला, ती सिरोनच्या माळावर जाते. तिथे कुणाच्या नावाचा दगड नाही, नुसतं गवत. जुल्फान तिथे आहे हे तिला माहीत आहे, कुठल्या बाजूला ते माहीत नाही. राउझा तिथे आहे की नाही, तेही नाही. म्हणून ती दरवर्षी वेगळ्या जागी बसते. कुराणातली यासीन वाचते, शेजारच्या अनोळखी लोकांना सरकून जागा देते, आणि ऊन चढलं की उठून घरी येते.